नोकरी सांभाळून रुग्णालय व्यवस्थापनात पीएच.डी. करण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे (कोल्हापूर)

प्रश्न : राजारामपुरीकर

नमस्कार. मी बी.एच.एम.एस. असून पुढे रुग्णालय व्यवस्थापनात एम.बी.ए. केले आहे आणि सध्या कोल्हापुरातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात प्रशासकीय अधिकारी आहे. ओपीडीचे वेळापत्रक, बिलिंग, विमा कंपन्यांचे क्लेम, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची प्रकरणे आणि परिचारिकांच्या पाळ्या हे सगळे माझ्याच टेबलावरून जाते. शहरातल्या रुग्णांइतकेच राधानगरी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतून, घाटाखालच्या सिंधुदुर्गातून आणि निपाणी भागातून रुग्ण आमच्याकडे येतात. कामाचा हा व्याप आणि घरची परिस्थिती पाहता नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणे मला शक्य नाही.

तरीही पीएच.डी. करायचे मनाने घेतले आहे. पुढे एम.बी.ए.च्या वर्गांना शिकवण्याची इच्छा हे एक कारण; आणि आपल्या रुग्णालयात रोज जे अडते ते नेमके कशामुळे अडते, हे एकदा पद्धतशीरपणे तपासावे, हे दुसरे.

शिवाजी विद्यापीठात व्यवस्थापन विषयात नोंदणी करावी, की एखाद्या अभिमत विद्यापीठात, की मुंबई-जयपूरकडच्या आरोग्य व्यवस्थापनाच्या संस्थांत, याचा निर्णय होत नाही. नोकरी करत असताना अर्धवेळ नोंदणी खरोखर चालते का? मी योजलेला विषय ‘कोल्हापूर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांतील सेवेचा दर्जा आणि रुग्णांचे समाधान’ असा आहे. तो टिकेल का? शिवाय एका कंपनीकडून सारखे फोन येत आहेत. युरोपातील एका संस्थेची डॉक्टरेट घरबसल्या दोन वर्षांत मिळेल, ‘तुम्ही डॉक्टर आहातच, आता डबल डॉक्टर व्हा’ असे ते सांगतात. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : सागरमाळ_प्राध्यापक

ताई, आपल्या प्रश्नांतील नियमांचा भाग मी आधी उरकतो. विषयाबद्दल रुग्णालयात प्रत्यक्ष वावरणाऱ्यांनी लिहिलेले बरे.

पीएच.डी.चा सगळा कारभार सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या विनियमांनुसार चालतो. त्यात अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे; मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्रात केवळ ‘हरकत नाही’ एवढे लिहून भागत नाही. आपल्याला अर्धवेळ शिकण्याची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी आपल्याला कामातून मोकळे केले जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात यायला हव्यात. बहुतेक जण तिसऱ्या वाक्यावर अडकतात. न्यासाचे विश्वस्त पहिल्या दोन ओळी हसत लिहून देतात, तिसरीला मात्र ‘बघू पुढे’ म्हणतात, म्हणून ते पत्र अर्ज भरण्याच्या आधीच पदरात पाडून घ्यावे.

पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. कालावधी कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, तसेच संपूर्ण काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. त्यामुळे ‘दोन वर्षांत पीएच.डी.’ असे जो सांगतो तो नियमाबाहेरचे सांगतो, हे आपण फोनवाल्यांना खुशाल ऐकवावे.

प्रवेशाचे दोन मार्ग आहेत. एक नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा : जून २०२४ पासून नेटमध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र अशीही श्रेणी दिली जाते. त्या श्रेणीत गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. दुसरा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेचा, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे ‘पेट’ म्हणतात तिचा. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी हमखास पहिल्या निम्म्यात घसरतात. आपली एम.बी.ए.ची संख्याशास्त्राची वही सापडत असेल तर ती आतापासून काढावी.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असून त्यातही ५५ टक्के लागतात, आणि पुढे दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही २०१६ च्या विनियमांतील आयोगाची सक्ती आता उरलेली नाही. तरी विद्यापीठे आपापल्या नियमात ती ठेवू शकतात, तेव्हा माहितीपत्रक नीट वाचावे.

कुठे नोंदणी करावी, याचे माझे उत्तर जरा वेगळे आहे. पदवीवर ‘आरोग्यसेवा व्यवस्थापन’ असे शब्द छापून यावेत हा आग्रह आपण सोडावा. व्यवस्थापन विषयात नोंदणी करून प्रबंध रुग्णालयावर लिहिला, तरी एम.बी.ए.च्या वर्गांसाठी तो पूर्ण कामाचा असतो. उलट सहयोगी प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. ज्या विषयातील मागितली जाते, त्यात ‘व्यवस्थापन’ हा शब्द सरळ बसतो. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, त्यामुळे गाईड तिकडच्या महाविद्यालयांतही शोधता येईल. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा जयपूरचे आयआयएचएमआर विद्यापीठ यांचा आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासातील दबदबा निर्विवाद आहे, पण कोर्सवर्कच्या काळापुरते तरी कोल्हापूर सोडण्याची तयारी हवी, आणि ते आपल्याला जमणारे नाही असे आपणच लिहिले आहे.

गाईडच्या जागांचे गणित मात्र आधी मांडा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा नाही म्हणून वर्षभर थांबलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

उत्तर : केसपेपर

मी एका रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात काम करता करता अर्धवेळ पीएच.डी. पूर्ण केली आहे, म्हणून विषयाबद्दल परखडपणे लिहितो. राग मानू नये.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन रुग्णसमाधान हा शब्द टाकून पाहा. पानामागून पान प्रबंध निघतील आणि त्यांतल्या बहुतेकांचा साचा एकच असेल : १९८८ मध्ये पॅरासुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी मांडलेली सर्व्हक्वाल या सेवेचा दर्जा मोजणाऱ्या साधनाची बावीस विधाने, पाच पर्यायांची मोजपट्टी, काही शे प्रश्नावल्या, काय-वर्ग चाचणी, आणि शेवटी वाहनतळ व स्वच्छतागृहे सुधारावीत अशी शिफारस. हे साधन मुळात बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती सेवा अशा क्षेत्रांत घडवले गेले होते. ते रुग्णालयात वापरू नये असे नाही, पण कॉटवर पडलेल्या माणसाला रुग्णालयाचेच ओळखपत्र गळ्यात घातलेल्या व्यक्तीने ‘सेवा कशी वाटली?’ असे विचारले, तर ‘झ्याक हाय की!’ याखेरीज दुसरे उत्तर येईल कसे? आपल्या गडहिंग्लज-चंदगडकडचा माणूस तर मुळीच तक्रार करणार नाही. त्याला अजून तिथे दोन रात्री काढायच्या असतात.

आपल्या हातात जे आहे ते प्रश्नावलीपेक्षा फार मोलाचे आहे. अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी तपासावा असे मांडले. त्यांतल्या प्रक्रियेच्या नोंदी आपल्या टेबलावर रोज तयार होतात आणि रद्दीत जातात.

एक उदाहरण सविस्तर देतो. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज सोडा’ म्हणतात. त्यानंतर डिस्चार्ज समरी टाइप होते, वॉर्डातून उरलेली औषधे फार्मसीला परत जातात, लॅब आणि एक्स-रेची बिले बंद होतात, मग फाईल बिलिंगला आणि विमा असेल तर तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे जाते. नातेवाईक सकाळी अकरापासून पिशवी भरून बसलेला असतो आणि गगनबावड्याकडची शेवटची एस.टी. गेल्यावर त्याच्या हातात कागद पडतात. आता सिस्टीममध्ये ‘डिस्चार्जची वेळ’ म्हणून जी छापली जाते ती बहुतेक ठिकाणी बिल बंद झाल्याची वेळ असते; कॉट रिकामी झाल्याची वेळ सिस्टरच्या रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेली असते, आणि डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हटल्याची वेळ केसपेपरवर सापडली तर सापडते. या तीन वेळा एकमेकींशेजारी ठेवल्या की कोणता टप्पा किती खातो ते दिसू लागते, आणि रुग्णालयात ज्याला सगळे दोष देतात तो टप्पा बऱ्याचदा निर्दोष निघतो. माझ्या नोंदींत टीपीएच्या नावाने खडे फोडले जात होते आणि खरा वेळ समरी टाइप होण्यात जात होता.

याला संशोधनाचे रूप द्यायला एक चांगली संधीही आलेली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले, आणि उशीर झाल्यास रुग्णालयाने लावलेली जादा रक्कम कंपनीने सोसावी असे म्हटले. म्हणजे त्या वर्षाच्या आधीचा आणि नंतरचा असा नैसर्गिक भेद आपल्याला आयता मिळतो. त्याच वॉर्डांतील रोखीने बिल भरणारे रुग्ण घ्या, कारण त्यांना या नियमाचा स्पर्श नाही. जन आरोग्य योजनेचे रुग्ण घ्या, कारण तिथे पॅकेज ठरलेले असल्याने अंतिम बिलाची ओढाताण नसते. आणि खासगी विम्याचे रुग्ण घ्या. तिन्ही गटांचा महिनावार मध्यक वेळ (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) मांडला तर नियमामुळे फरक पडला, की रुग्णालयाने त्याच सुमारास नवे सॉफ्टवेअर घेतल्यामुळे पडला, हे वेगळे काढता येईल. टीपीएशी झालेला जुना पत्रव्यवहार ई-मेलवर आणि पोर्टलवर वेळेसह शिल्लक असतो, तेव्हा २०२४ पूर्वीची माहिती मिळणार नाही ही भीती बाळगू नये. फक्त मेलबॉक्स भरला म्हणून कोणी तो साफ करण्याआधी त्याची प्रत काढून ठेवावी.

उत्तर : करवीर_निवासी

ऑनलाइन डॉक्टरेटबद्दल दोनच वाक्ये लिहितो. २०२२ च्या विनियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देताच येत नाही, आणि परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहावे, अशी सूचना अनुदान आयोग व तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे काढली आहे. हेच लोक आता ‘पीएच.डी. नव्हे, डी.बी.ए. (डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन) देतो’ म्हणू लागले आहेत. त्या पदवीवर व्हिजिटिंग कार्ड छापता येईल, पण प्राध्यापकपदाच्या अर्जात पीएच.डी.च्या रकान्यात ती लिहिता येणार नाही.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. रुग्णसमाधानाचा विषय मी बाजूला ठेवत आहे. डिस्चार्जचा विषय वाचून तर आमच्याच वॉर्डाचे वर्णन वाचत असल्यासारखे वाटले.

दोन अडचणी मात्र उरतात. आमचे विश्वस्त नोंदी बाहेर जाण्याच्या कल्पनेनेच धास्तावतात, आणि मी स्वतः त्याच रुग्णालयाची अधिकारी असल्यामुळे माझ्या हाताखालच्या लोकांचे काम मीच मोजणार, हे योग्य दिसेल का? दुसरे असे की ज्या मॅडमशी गाईड म्हणून प्राथमिक बोलणे झाले आहे, त्यांचा विषय वित्त व्यवस्थापन आहे. त्यांनी रुग्णालयावर यापूर्वी काम केलेले नाही.

उत्तर : केसपेपर

विश्वस्तांची धास्ती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय तोंडी समजूत घालण्याचा नसून कागदाचा आहे. माझ्या ओळखीच्या एका संशोधकाला एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी ‘बिनधास्त या, रेकॉर्ड बघा’ असे तोंडी सांगितले होते. व्यवस्थापक बदलले, नव्यांनी दार बंद केले आणि अर्धी जमवलेली माहिती वाया गेली. म्हणून विश्वस्त मंडळाचा ठराव घ्यावा आणि त्यात कोणत्या कालावधीच्या कोणत्या नोंदी, कोणत्या रकान्यांसह मिळतील, रुग्णाचे नाव, पत्ता, मोबाइल आणि आधार क्रमांक त्यातून कोण काढून टाकेल, प्रबंधात रुग्णालयाचा उल्लेख नावाने होईल की सांकेतिक अक्षराने, हे सगळे लिहून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, त्यामुळे हा आग्रह आपणच धरला तर विश्वस्तांचाही विश्वास बसतो.

याखेरीज नीतिविषयक समितीची, म्हणजे इथिक्स कमिटीची मान्यता लागेल. व्यवस्थापन शाखेतले अनेक जण ‘आम्ही कुठे औषध देतो आहोत?’ म्हणून ती टाळतात आणि मग शोधनिबंध पाठवताना नियतकालिक पहिला प्रश्न तोच विचारते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नाव-गाव काढलेल्या जुन्या नोंदींच्या अभ्यासाला संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नव्हे. आपल्या रुग्णालयात अशी समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे करार करून प्रस्ताव नेता येतो.

आपणच अधिकारी असण्याचा मुद्दा आपण स्वतः काढलात हे फार बरे झाले, कारण व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधावरील तोंडी परीक्षेत, तो निघणारच होता. त्यावर दोन गोष्टी कराव्यात : स्वतःच्या रुग्णालयाबरोबर आणखी किमान दोन रुग्णालये घ्यावीत, त्यांतले एक तरी धर्मादाय नसलेले असावे, आणि नोंदीत कर्मचाऱ्याचे नाव मुळीच घेऊ नये, फक्त टप्पा आणि वेळ घ्यावी. ‘सिस्टरमुळे उशीर’ असे वाक्य प्रबंधात एकदा आले की पुढच्या दिवसापासून रजिस्टरमधल्या वेळा सोयीच्या लिहिल्या जाऊ लागतात.

उत्तर : सागरमाळ_प्राध्यापक

वित्त व्यवस्थापनाच्या मॅडमना नाही म्हणू नका. २०२२ च्या विनियमांत सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे, तो अन्य विभागातला किंवा अन्य संस्थेतलाही असू शकतो. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील जनवैद्यक विभागाचे प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून मिळाले तर नमुना किती घ्यावा, वेळेची सरासरी घ्यावी की मध्यक, असले प्रश्न ते सोडवतील आणि विद्यापीठाच्या समितीपुढे विषय व्यवस्थापनात बसवण्याचे काम मॅडम करतील. आपल्या विषयात पैशाचा भागही पुरेसा आहे : एक कॉट चार तास उशिरा रिकामी झाली तर दाखल व्हायला आलेला रुग्ण कॅज्युअल्टीत किती वेळ थांबतो आणि रुग्णालयाला त्याची काय किंमत पडते, हे वित्ताच्या माणसाला इतरांपेक्षा चांगले मांडता येते.

शिष्यवृत्तीबद्दल आपण विचारलेले नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी असतात. पगार घेत अर्धवेळ शिकणाऱ्याने त्यांचा हिशेब खर्चात धरू नये.

उत्तर : न्यासलेखा

धर्मादाय रुग्णालयाचा उल्लेख वाचला म्हणून एक पर्यायी विषय सुचवतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक खाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने जी योजना २००६ पासून लागू आहे, तिच्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. पुढे जन आरोग्य योजना आली, २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. मग जो रुग्ण पूर्वी निर्धन निधीतून बरा होऊन जायचा तो आता योजनेत जातो का, आणि तसे असेल तर त्या निधीचा खर्च कोणत्या आजारांकडे वळला, हा प्रश्न हिशेबाच्या वह्यांतूनच सुटण्यासारखा आहे. आपल्या मॅडमच्या विषयाला तो डिस्चार्जपेक्षा जवळचा पडेल.

उत्तर : केसपेपर

न्यासलेखा यांचा विषय उत्तम आहे, पण त्यात विश्वस्तांचा हिशेबच उघडा होतो, त्यामुळे परवानगीची लढाई दुप्पट मोठी होईल. ताईंनी हे ध्यानात घेऊन ठरवावे.

डिस्चार्जचाच विषय धरणार असाल तर पेटची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. एका वॉर्डात महिनाभर प्रत्येक डिस्चार्जची एक ओळ लिहायला सुरुवात करा : डॉक्टरांनी सोडा म्हटल्याची वेळ, समरीवर सही झाल्याची वेळ, फार्मसीचा परतावा मिळाल्याची वेळ, बिल बंद झाल्याची वेळ, टीपीएची मंजुरी आल्याची वेळ आणि कॉट रिकामी झाल्याची वेळ, शिवाय रुग्ण रोखीचा, विम्याचा की योजनेचा. रविवार आणि सणाचे दिवस वगळू नका, कारण त्या दिवशी समरी लिहायला कोण असते हेच पाहायचे आहे. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिताना त्या महिन्याचा तक्ता जोडलात तर समितीचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.